आधी आपली अपॉइंटमेंट

घरातला एक माणूस पितो आणि उपचारांचं नावही काढू देत नाही. अशा वेळी वसईजवळच्या निर्मळसारख्या गावात डॉक्टरच्या आधी मामाला निरोप जातो. मामा येतो, थोरला भाऊ येतो, शेजारचे एकदोन जाणते येतात, ख्रिस्ती घर असेल तर फादरांनाही विनंती होते. ओटीवर सगळे बसतात आणि त्याला समजावतात. तो मान खाली घालून ऐकतो, मध्येच एकदा चिडतो, मग रडतो. शेवटी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो. त्या रात्री घर खूप महिन्यांनी शांत झोपतं. काही घरांत ही शांतता चार दिवस टिकते, काही घरांत चार महिने.

‘फॅमिली इंटरव्हेन्शन’ हे नाव अलीकडचं असलं तरी ही बैठक आपल्याकडे फार जुनी आहे. व्यसनी माणसाला त्याच्या माणसांनी एकत्र येऊन सांगायचं, आता पुरे, चल. तुळशीची माळ घालून दारू सुटलेली माणसं महाराष्ट्राच्या गावागावांत आहेत. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारींनी सुरू केलेल्या श्रीबैठकीला जायला लागल्यापासून बाटलीला हात न लावलेली माणसं कोकणपट्टीत प्रत्येकाच्या ओळखीची असतात. रमेदीच्या चर्चमध्ये बोललेले नवसही काहींनी जन्मभर पाळले आहेत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. माळ असो, बैठक असो वा प्रार्थनासभा, त्यातून माणसाला दर आठवड्याला भेटणारे नवे सोबती मिळतात, संध्याकाळ कुठे घालवायची याचं उत्तर मिळतं आणि ‘मी आता घेत नाही’ हे चारचौघांत सांगायला एक सन्मानाचं कारण मिळतं. आधुनिक व्यसनोपचारही याच तीन गोष्टी शोधत असतो.

ओटीवरच्या बैठकीत मात्र यातलं काहीच नसतं. तिथे असते फक्त लाज. आणि तो ‘बरं, चला, येतो’ म्हणाला तर नेमकं कुठे जायचं हे जमलेल्यांपैकी कुणालाच माहीत नसतं.

त्याहून मोठा धोका शपथेच्या रात्रीपासून सुरू होतो. कित्येक वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं की सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना वेळ-जागेचं भान राहत नाही, भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं हाका मारताना ऐकू येतात, ताप चढतो. वैद्यकशास्त्रात याला ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. घरच्यांना मात्र वाटतं, याला बाहेरचं काही लागलं. देवऋषी बोलावला जातो, कुणी कनवाळूपणे ‘थोडी दे, म्हणजे शांत होईल’ असं सुचवतं, आणि ज्या तासांत इस्पितळात बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आणि योग्य गोळ्या मिळायला हव्या होत्या ते तास निघून जातात. म्हणून भरपूर पिणाऱ्याला शपथ घालण्याआधी डॉक्टर गाठलेला असावा. इथे भावनेला वाव नाही.

मग त्याला डॉक्टरकडे न्यायचं कसं, हा प्रश्न उरतो. या प्रश्नावर गेल्या पन्नास-साठ वर्षांत बराच विचार झाला आहे आणि त्याचा निष्कर्ष आपल्या अंदाजापेक्षा वेगळा आहे.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात व्हर्नन जॉन्सन नावाचे धर्मगुरू होते. ते स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेले. माणूस पार रसातळाला गेल्याशिवाय सुधारत नाही, ही त्या काळची समजूत त्यांना पटेना. जवळच्या माणसांनी आधी गुपचूप तयारी करावी, प्रत्येकाने आपण पाहिलेले प्रसंग लिहून काढावेत, मग एके दिवशी एका जाणकाराच्या उपस्थितीत त्याच्यासमोर ते वाचून दाखवावेत आणि त्याच दिवशी उपचारांना न्यावं, अशी पद्धत त्यांनी बसवली. 1973 साली त्यांचं पुस्तक आलं आणि सिनेमा-मालिकांतून ‘इंटरव्हेन्शन’चं हेच चित्र जगभर पसरलं. आपल्याकडची मुलं मोबाइलवर पाहून ‘बाबांसाठी आपण असं करू या’ म्हणतात, ती हीच पद्धत.

1999 साली न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या विल्यम मिलर, रॉबर्ट मेयर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक तुलना प्रसिद्ध केली. पिणारा माणूस उपचार नाकारतो आहे अशा 130 जणांच्या नातलगांना त्यांनी तीन गटांत विभागलं. पहिल्या गटाला अल-अनॉन या नातलगांच्या आधारगटाकडे वळवलं, दुसऱ्याला जॉन्सनच्या पद्धतीची तयारी करून दिली आणि तिसऱ्या गटाला घरात रोज कसं वागायचं, काय बोलायचं, काय थांबवायचं याचं शिक्षण दिलं. या तिसऱ्या पद्धतीला ‘क्राफ्ट’ म्हणतात. पहिल्या गटातल्या 13 टक्के, दुसऱ्यातल्या 30 टक्के आणि तिसऱ्यातल्या 64 टक्के घरांतला पिणारा माणूस उपचारांपर्यंत पोचला. त्यातही एक बारकावा आहे. जॉन्सन गटातल्या बहुतेक कुटुंबांनी ती समोरासमोरची बैठक घेतलीच नाही. तयारी करून ऐन वेळी त्यांचं धाडस झालं नाही. ज्यांनी घेतली, त्यांच्यातले बरेच यशस्वी झाले.

अल-अनॉनचा आकडा लहान दिसतो म्हणून तो गट वाया गेला असं नाही. अल-अनॉनचं उद्दिष्टच वेगळं आहे: दुसऱ्याला बदलण्याचा हट्ट सोडून आपलं आयुष्य सावरणं. आणि या तिन्ही गटांतल्या नातलगांची स्वतःची उदासी आणि घरातली भांडणं कमी झाली. मदत मागायला गेलेला माणूस कुठल्याही गटात पडला तरी स्वतः थोडा बरा झाला.

निर्मळमधल्या कुटुंबाने थेरपिस्ट शोधताना म्हणूनच हे पहिल्यांदा लक्षात घ्यावं, की अपॉइंटमेंट त्याच्या नावाने घ्यायची नाही, आपल्या नावाने घ्यायची. ‘तो यायला तयार नाही, मग जाऊन काय उपयोग?’ या वाक्यापाशी शेकडो घरं अडकून राहतात. तो तयार नाही म्हणूनच आपण जायचं. बायकोने जावं, आईने जावं, थोरल्या मुलीने जावं. त्याला न सांगता गेलं तरी त्यात विश्वासघात नाही. आपल्या त्रासासाठी आपण डॉक्टरकडे जातो आहोत.

महाराष्ट्रात ही गोष्ट पूर्वीच ओळखलेली माणसं आहेत. 1980च्या दशकात गर्द म्हणजे ब्राउन शुगर मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत पसरली, तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर असलेल्या डॉ. अनिता अवचट या त्याच्या प्राण होत्या. तिथे व्यसनी माणसाइतकंच त्याच्या बायकोकडेही लक्ष दिलं गेलं. तिच्यासाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट सुरू झाला. वर्षानुवर्षं मार, कर्ज आणि लाज गिळून बसलेल्या बायका तिथे पहिल्यांदा बोलायला लागल्या. नवऱ्याच्या पिण्याला आपण जबाबदार नाही, हे त्यांना कुणीतरी ठामपणे सांगितलं. हे वाक्य ऐकल्यानंतर बाई घरी वेगळी परतते, आणि तिच्या वेगळ्या परतण्याने घरातला पिणाराही हलतो.

पुणं लांब वाटलं तर मुंबई आहे. तिथे वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात 1981 साली फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं. फादर स्वतः या आजारातून सावरलेले आणि बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य, त्यामुळे तिथे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाला योगाची जोड मिळाली. 2009 साली त्यांना पद्मश्री मिळाली. कृपाचं केंद्र वसईतही आहे, म्हणजे निर्मळकरांना दादरची गाडी पकडायची गरज नाही. नाव ख्रिस्ती वाटलं तरी हे दार सर्वधर्मीयांसाठी उघडं आहे, हे मुद्दाम सांगायला हवं. कारण ‘ते त्यांच्यातलं आहे’ असं म्हणून जवळची मदत सोडणारी घरं असतात.

आता गावाबद्दल. निर्मळ हे तळ्याकाठचं, शंकराचार्यांच्या समाधिमंदिराचं गाव. कार्तिकातल्या यात्रेला सगळा तालुका इथे लोटतो, आणि थोड्याच अंतरावर होली क्रॉस चर्च आहे. कुपारी, सामवेदी, वाडवळ, आगरी, कोळी, आदिवासी, आणि आता नालासोपाऱ्याकडून सरकत आलेली नवी वस्ती, सगळे एकमेकांच्या वाटेत येतात. केळीच्या बागेतला शेजारी रविवारी मिस्साला भेटतो, सोमवारी बाजारात भेटतो, यात्रेत जिलेबीच्या दुकानापाशी भेटतो. अशा गावात ‘स्थानिक’ थेरपिस्ट हवा की नको, हा खरा पेच आहे.

जवळचा हवा, कारण हे काम एका भेटीचं नसतं. महिनोन्‌महिने दर आठवड्याला, नंतर पंधरवड्याने जावं लागतं. सकाळी भाजी-फुलांच्या गाडीला लागणाऱ्या माणसाला दर वेळी चर्चगेटपर्यंत पाठवणं अशक्य. भाषाही जवळची हवी. घरात कादोडी बोलणारी साठीची आई इंग्रजाळलेल्या मराठीसमोर गप्प होते, आणि तिच्या गप्प होण्याचा अर्थ ‘सहकार्य नाही’ असा लावला जातो. लग्नात, नामकरणात, मृत्यूनंतरच्या भेटीगाठींत दारूची जागा कुठे आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो ‘पार्टीला जाऊ नका’ असा पोकळ सल्ला देत नाही. पुढच्या महिन्यातल्या चुलतभावाच्या लग्नात ग्लास हातात न घेता कसं उभं राहायचं, हे तो आधी बसून ठरवतो.

लांबचा हवा, कारण काउन्सेलर वहिनीची मावसबहीण निघू शकते. ओळखीच्या माणसाकडे उपचार घेण्यात अडचण अशी की आपण अर्धं लपवतो. त्यावर उपाय सोपा आहे: पहिल्या फोनवरच आपलं आडनाव आणि वाडी सांगून ‘आमच्या घरातल्या कुणाशी तुमचा परिचय आहे का?’ असं विचारावं. चांगला थेरपिस्ट या प्रश्नाने दुखावत नाही. परिचय असेल तर तो स्वतःच दुसऱ्याचं नाव देतो. माझं मत असं की घरच्यांच्या नियमित भेटी वसई, नालासोपारा, विरार या टप्प्यात ठेवाव्यात, आणि फारच ओळखपाळख आड येत असेल तर ठाणं गाठावं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे. मराठीतून कुटुंबासोबत काम करण्याची तिची परंपरा मोठी आहे. काही भेटी व्हिडिओ कॉलवर होऊ शकतात, पण त्यासाठी घरात दार लावून बोलता येईल अशी खोली हवी. ती बहुतेक घरांत नसते. मग बागेत जाऊन फोनवर बोललेलंही चालतं.

पाटीवर ‘काउन्सेलर’ लिहायला आपल्याकडे फारसं काही लागत नाही. म्हणून कोण कोण आहे हे समजून घ्यावं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट हा एमबीबीएसनंतर त्या विषयात शिकलेला डॉक्टर. तो औषध देतो, दारू सोडवताना लागणारं इस्पितळातलं काम त्याचं, आणि त्याची नोंद मेडिकल कौन्सिलकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ही परिषद 1992च्या कायद्याने बनली आणि तिच्या नोंदवहीतला क्रमांक मागायला संकोच करू नये. सायकियाट्रिक सोशल वर्कर मनोरुग्णांच्या कुटुंबांबरोबर काम करायला खास शिकलेला असतो. कुटुंबाच्या बैठकीसाठी बऱ्याचदा हाच सर्वांत उपयोगी माणूस ठरतो, आणि नेमकं त्याचंच नाव कुणी घेत नाही. बाकी समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकलेले समुपदेशक असतात. त्यांच्यात उत्तम माणसं आहेत, पण त्यांनी व्यसनाचं काम कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली केलं हे विचारावंच लागतं.

पदवीवर सगळं अवलंबून असतं असंही नाही. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना नीट प्रशिक्षण देऊन त्यांनी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्या भेटींत बोलायला बसवलं. 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते, नुसत्या नेहमीच्या उपचारांत 26 टक्के. शेजारच्या गावातली, आपल्याच भाषेत बोलणारी, शिकवलेली माणसं हे करू शकतात. पण ते प्रशिक्षण आणि ती देखरेख खरी हवी. आणि तो प्रयोग घातक पिणाऱ्यांसाठी होता. रोज सकाळी हात कापणाऱ्याला आधी डॉक्टरच लागतो.

पहिल्या भेटीत काय विचारायचं? मी तरी हे विचारीन: पिणारा येणार नसेल तर तुम्ही आमच्याबरोबर काम कराल का? तो ‘हो’ म्हणाला तर त्याला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोण पाहील? विथड्रॉअलसाठी, म्हणजे दारू थांबवल्यावरच्या त्रासासाठी, कुठल्या इस्पितळाशी तुमचा संबंध आहे? आमचं बोलणं तुम्ही त्याला किंवा सासरच्यांना सांगाल का? फी किती, आणि किती भेटींनी आपण थांबून पाहायचं? पहिल्या प्रश्नाला ‘त्याला घेऊन या, मग बघू’ असं उत्तर आलं तर नम्रपणे उठावं. तो माणूस वाईट असेल असं नाही, पण हे त्याचं काम नव्हे. ‘आमची गाडी येईल, माणसं येतील, रात्रीत उचलून नेतील’ असं उत्तर आलं तर मात्र लगेच निघावं.

हे उचलून नेणं कायद्याला मान्य नाही. 2017चा मानसिक आरोग्यसेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांनाही लागू होतो. माणसाच्या इच्छेविरुद्ध भरती करायची तर त्याने नजीकच्या काळात स्वतःला इजा करण्याची धमकी दिलेली किंवा प्रयत्न केलेला असावा, दुसऱ्यांवर हिंसा केलेली असावी, किंवा स्वतःची काळजी घेणं त्याला जमत नसावं. त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो. शिवाय दोन तज्ज्ञांनी, ज्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ, त्याला भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं. ही भरतीही आधी 30 दिवसांपुरतीच. केवळ पितो आणि ऐकत नाही, एवढं कारण पुरत नाही. साखळीने बांधणं कुठल्याही रूपात निषिद्ध आहे. केंद्र नोंदणीकृत आहे का, घरच्यांना भेटू देतात का, डॉक्टर कधी येतो, हे बघितल्याशिवाय कुणालाही कुठेही सोडू नये.

आणखी एक गोष्ट पश्चिम रेल्वेच्या डब्यांत रोज दिसते: ‘दारू सोडवा, पिणाऱ्याला नकळत’ अशी फोन नंबर असलेली चिकटपट्टी. जेवणात पूड मिसळायची, त्याला कळणारही नाही. थकलेल्या बायकोला हे किती ओढ लावणारं असेल ते समजतं. पण पुडीत काय आहे हे तिला कळायला मार्ग नसतो. त्यात डायसल्फिराम हे औषध असलं आणि त्याने वर दारू घेतली, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो; हृदयाचा रुग्ण असेल तर जीव जाऊ शकतो. हेच औषध मानसोपचारतज्ज्ञ देतो तेव्हा तपासण्या करून, समजावून आणि त्याच्या संमतीने देतो, आणि मग त्याचा उपयोगही होतो. न सांगता जेवणात काही मिसळू नये. कळलं तर त्याचा घरच्या ताटावरचा विश्वास कायमचा उडतो.

पैसे किंवा वेळ नसेल तर सुरुवात फोनपासून करता येते. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. 14416 हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध असतो. व्यसनासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446. दोन्हीकडे नातलगाने फोन केलेला चालतो. पालघर जिल्हा 2014 साली वेगळा झाला तरी गंभीर मानसिक आजारासाठी लोक अजूनही ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीत जातात, आणि मुंबईतल्या केईएम, नायर, सायन या पालिकेच्या इस्पितळांत मानसोपचार विभाग आहेत. वसईत पालिकेचं डी. एम. पेटिट आणि सांडोरचं कार्डिनल ग्रेशस ही इस्पितळं ओळखीची आहेत. विथड्रॉअलची तातडी उद्भवली तर जवळचं इस्पितळ हेच पहिलं ठिकाण. घरचा फॅमिली डॉक्टरही विसरू नये. यकृताच्या तपासणीचा कागद दाखवून तो जे दोन वाक्यांत सांगतो, ते मामाला तासाभरात जमत नाही.

मदत नाही म्हणून माणसं उपचारांवाचून राहतात, असं वरवर वाटतं. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दारूच्या अधीन झालेल्या 38 जणांमागे फक्त एकाला कुठलाही उपचार मिळतो. हा आकडा वाचून संताप येतो. इतकी दुरवस्था केवळ डॉक्टरांच्या कमतरतेने होत नाही. यामागे घरानं वर्षानुवर्षं झाकून ठेवणं आहे: कामावर ‘ताप आहे’ असा निरोप देणं, वाईनशॉपची उधारी भागवणं, सांडलेलं पुसणं, सकाळी काहीच झालं नाही असा चहा पुढे ठेवणं. हे सारं प्रेमापोटी होतं, आणि थेरपिस्टबरोबरच्या पहिल्या काही भेटींत याचीच उजळणी होते. काय झाकायचं थांबवायचं, काय मात्र चालू ठेवायचं. तो न पिता घरी आला त्या संध्याकाळी आवडीची बोंबलाची आमटी, गप्पा, सोबत. पिऊन आला तर वाद न घालता, शिव्या न देता बाजूला होणं. हे सोपं वाटतं, पण रागाने भरलेल्या घरात ते शिकावं लागतं, म्हणूनच शिकवणारा हवा.

एक अपवाद ठळकपणे सांगितला पाहिजे. घरात मारहाण होत असेल तर हे धडे आणि ती बैठक दोन्ही बाजूला ठेवायचं. आधी सुरक्षितता. 112, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098. कौटुंबिक हिंसाचारविरोधी 2005च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो. जो थेरपिस्ट मारहाणीबद्दल विचारतच नाही, किंवा ‘दोघांनी थोडं जुळवून घ्या’ म्हणतो, तो या कामाला योग्य नाही. तसंच ज्याला संशय, कानात आवाज, विचित्र श्रद्धा अशी लक्षणं आहेत, किंवा जो मरायच्या गोष्टी करतो, त्याला घेराव घालून समजावणं धोक्याचं; तिथे थेट मानसोपचारतज्ज्ञ.

घरच्यांच्या काही भेटी झाल्यावर थेरपिस्टच विचारतो, आता बोलायचं का? मग तयारी होते. कोण बसेल हे ठरतं. बहुतेक वेळा तीन-चार माणसं पुरतात, आणि त्यात तो ज्याला मानतो असा एक हवा. आजोबा नकोत, लहान मुलं नकोत, गावातले पंच तर अजिबात नकोत. वेळ सकाळची, तो शुद्धीत असताना. वाक्यं आधी लिहिलेली, आणि ती ‘तू असाच आहेस’ अशी नाहीत. धाकटी बहीण म्हणते, ‘दादा, मागच्या शनिवारी तू गाडीवरून पडलास, मी तुला उचलायला आले होते, तुला आठवतही नाही. मला भीती वाटते. वसईला डॉक्टरांकडे उद्या अकराची वेळ घेतली आहे, मी तुझ्याबरोबर येते.’ बस. वेळ खरी घेतलेली हवी, रिक्षा सांगून ठेवलेली हवी. त्याच्या मनातली तयारी फार वेळ उघडी राहत नाही. संध्याकाळ झाली की ती मिटते. क्राफ्ट पद्धतीत म्हणूनच पहिली भेट एक-दोन दिवसांत मिळवण्यावर इतका भर असतो.

त्याने ‘नाही’ म्हटलं तर? तर त्या दिवशी कुणी ओरडायचं नाही. भेटी चालू ठेवायच्या, घरातले नवे नियम पाळायचे, आणि पुढच्या संधीची वाट पाहायची. ती बहुधा तोच देतो: एखाद्या अपघातानंतर, पोटदुखीच्या रात्रीनंतर, मुलीने बोलणं टाकल्यावर तो स्वतः म्हणतो, ‘तो डॉक्टर कोण म्हणत होतीस?’ त्या क्षणी नाव, नंबर आणि वेळ तयार असावी.

आणि ‘हो’ म्हटलं तर भरतीनंतरचं वर्ष हे खरं काम. पाय घसरणं या आजारात नेहमीचं आहे. त्याला ‘पुन्हा सगळं वाया गेलं’ असं म्हणायचं नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा पश्चिम रेल्वेच्या पट्ट्यात भरतात, मराठीतही. तिथे नाव-गाव विचारत नाहीत, पैसे घेत नाहीत, फक्त दारू सोडायची इच्छा पुरते. निर्मळच्या माणसाला सुरुवातीला वसईपेक्षा बोरिवली-अंधेरीच्या सभेला जाणं सोपं वाटलं तर जाऊ द्यावं. काही महिन्यांनी तो गावाजवळच्या सभेतही जाऊन बसायला लागतो. घरच्यांनी मात्र तोवर आपल्या भेटी बंद करू नयेत. तो सुधारतोय म्हणून थेरपिस्टला ‘आता गरज नाही’ असं सांगणाऱ्या बायका फार असतात. पुढच्या गुरुवारची वेळ त्यांनी तशीच राहू द्यावी.